उसनी खरखर

एकदा एक तरुण होता. त्याच्यासमोर हजार हजार माणसं नाचत, पण त्याचं ऐकणारं जगात कुणी नव्हतं. धंदा डीजेचा. त्याचं नाव सांगता आलं असतं, पण दृष्टांतात नाव आलं की वाचक गोष्ट सोडून ओळखीचा माणूस शोधत बसतात, म्हणून आपण त्याला तरुणच म्हणू.

डीजे हा शब्द कानी पडला की शहाणीसुरती माणसं आधी कानांवर हात ठेवतात आणि मग तक्रारअर्जाचा मसुदा करायला बसतात. त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. तरीही या तरुणाच्या कामाबद्दल चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर त्याचं दुःख कळायचं नाही. त्याच्याकडे तबकड्या नव्हत्या. एक लॅपटॉप, त्याला जोडलेली बटणांची एक पेटी आणि आत साठवलेली वीस हजार गाणी, एवढाच त्याचा प्रपंच. एक गाणं संपत आलं की त्याच्या पोटात दुसरं सुरू करायचं, दोन्ही पंधरा-वीस सेकंद बरोबरीने चालवायची आणि मग पहिल्याने हळूच काढता पाय घ्यायचा, हे त्याचं कौशल्य. याला तो सांधा म्हणे. कोणत्या गाण्याला कोणतं गाणं लागतं, कुठल्या मात्रेवर लागतं, हा विचार त्याच्या डोक्यात आंघोळीच्या वेळीसुद्धा चाले. या कामातली गंमत अशी, की सांधा बिघडला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि सगळे वळून बघतात. जमला तर कुणाला काही कळतच नाही. काम उत्तम झाल्याची खूण हीच, की ते झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

एका लग्नात, भर दुपारी, त्याने नऊ दिवस घोळवलेला एक सांधा लावला. जुन्या लावणीतली ढोलकी आजच्या एका नाचाच्या गाण्यात अलगद उतरत होती. तो असा जमला की त्याच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. त्याने मान वर करून पाहिलं. वऱ्हाडी नाचत होते, नवरदेवाचा फेटा सुटला होता. तेवढ्यात एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत थेट त्याच्याकडे येऊ लागले. तरुणाला वाटलं, आलं, कुणीतरी आलं.

गृहस्थ म्हणाले, "बारीक पिनचा चार्जर आहे का हो?"

त्याने चार्जर दिला. खोलीवर परतल्यावर आईचा फोन आला. "जेवलास का?" त्याने हो म्हटलं. ढोलकी आज कशी उतरली हे आईला कसं सांगणार? मित्रांना सांगावं तर ते म्हणणार, "आवाज मोठा होता ना, मग झालं!" त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एकटेपण म्हणजे आसपास माणसं नसणं, अशी आपली समजूत असते. हजार माणसांत उभं राहून घरी परतणाऱ्याला त्याचा दुसरा अर्थ ठाऊक असतो.

त्याच गावात तबकडीवाल्यांची एक बैठक होती. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या दालनात दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं जमत. त्यांतले काही एकेकाळी लग्नाकार्यांत तबकड्या लावणारे, काही मोठ्या शहरातल्या हॉटेलांत नाचाचे कार्यक्रम रंगवलेले, काही नुसतेच संग्राहक. शिरस्ता असा, की ज्याची पाळी असेल त्याने एक तबकडी लावायची आणि ती संपेपर्यंत यंत्रापाशी उभं राहायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, जागचं उठायचं नाही. सुई उचलली की मग प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आलं ते एका वाक्यात सांगायचं. 'छान' म्हणायला मनाई होती. छान म्हणणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळत नसे.

तरुण एका रविवारी तिथे जाऊन दाराशी बसला. कुणीतरी जुनं नाट्यपद लावलं होतं. ते संपल्यावर एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याआधी बाई श्वास घेतात, तो मला ऐकू आला." दुसरा एक जण म्हणाला, "तबलजी तिथे क्षणभर थांबलाय बाईंसाठी." तरुण सरसावून बसला. इथे माणसं श्वास ऐकतात! मग यांना माझा सांधा ऐकू येईल. जगात कुणाला येणार असेल तर यांनाच. त्याला दुसरं काही नको होतं. या बैठकीत एक पाळी, आणि ती संपल्यावर कुणीतरी म्हणावं, की तिथे तुझा हात मला ऐकू आला.

तीन रविवार दाराशी बसून काढल्यावर त्याने भीतभीत पाळी मागितली. बैठकीत लोखंडाचा एक व्यापारी होता. चार हजार तबकड्यांचा धनी, जिभेने तिखट. सगळे त्याला शेठ म्हणत. तो म्हणाला, "सुई नाही, तबकडी नाही, उलटायला दुसरी बाजू नाही. मग तू करतोस तरी काय?"

"सांधे जुळवतो."

"तू कुठे जुळवतोस? यंत्र जुळवतं. बटण दाबलं की दोन्ही गाण्यांची गती आपोआप एक होते, माझ्या पुतण्याने दाखवलंय मला. आम्ही एकेका तबकडीसाठी गावोगाव वणवण केली, बाबा. तू आलास आयत्या बिळावर नागोबा!"

बाकीचे हसले. तरुणाने खाली पाहिलं. बैठकीतले सर्वांत वृद्ध होते आबा. त्यांनी चाळीस वर्षं गावोगावच्या कार्यांत लाउडस्पीकर बांधून तबकड्या वाजवल्या होत्या आणि बैठकीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते म्हणाले, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी याची पाळी. न ऐकताच काय ते ठरवायचं?"

आता घोडं पेंड कुठे खातं ते बघा. इतके दिवस जो सांधा ऐकवण्यासाठी हा जीव तळमळत होता, तो ऐकवण्याची संधी समोर आली आणि याचं अवसानच गळालं. तो दिवसरात्र एकच विचार करू लागला, की या मंडळींना काय आवडेल? शेठचं बोलणं त्याच्या कानांतून जाईना. शेवटी त्याने एक जुनं भावगीत निवडलं. त्याच्याकडची प्रत अगदी स्वच्छ होती, काचेसारखी. ती ऐकून त्याला वाटलं, हे फार कोरडं आहे, तबकडीवाल्यांचं वाटत नाही. मग त्याने तिच्यावर खरखर चढवली. होय, इंटरनेटवर खरखरसुद्धा तयार मिळते. सुरुवातीला सुई टेकल्याचा धप्प आवाज, मग बारीक चुरचुर, मध्ये मध्ये टक् टक्. सांधा मात्र त्याने लॅपटॉपातच ठेवला.

रविवार आला. तरुणाने लॅपटॉप उघडला, शेठने कपाळाला आठी घातली आणि गाणं सुरू झालं. पहिल्या धप्प आवाजालाच दोन-तीन माना वर झाल्या. कडवं सुरू होईस्तोवर शेठची आठी विरली. शिरस्ता विसरून तो पुटपुटला, "हीच! हीच ती खरखर. आमच्या थोरल्या काकांकडे अगदी अशीच..." त्याचे डोळे पाणावले. तरुणाने ते पाहिलं, पण त्याला आनंद काही झाला नाही. उलट इतकं एकाकी त्याला त्या लग्नातही वाटलं नव्हतं.

इतक्यात आबा उठले. तबकड्या पुसायचं मखमलीचं फडकं त्यांनी हातात घेतलं, लॅपटॉपपाशी आले आणि त्याचं झाकण मागच्या बाजूने हळुवारपणे पुसलं. मग जागेवर जाऊन कान देऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले, पुन्हा पुसलं, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा उठून त्यांनी स्पीकरची जाळीही पुसून काढली. कुणाला काही उमजेना. एक-दोघे तोंडाला रुमाल लावून हसू लागले. म्हातारपण बाबा, दुसरं काय!

गाणं संपल्यावर शेठने विचारलं, "आबा, हे काय चाललं होतं?"

"धूळ पुसत होतो," आबा म्हणाले. "पण जात नाही रे."

तरुणाचे कान तापले. तो म्हणाला, "ती जायची नाही. ती तबकडीवरची नाही. मी वरून घातलीय."

शेठने डोळे पुसायला काढलेला रुमाल तसाच खिशात ठेवला. "म्हणजे आमची चेष्टा केलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हेच फार वाईट होतं. तरुणाने सामान पिशवीत भरलं आणि जिना उतरून निघून गेला. कुणी थांब म्हटलं नाही.

तिसऱ्या प्रहरी तो आबांच्या घरी जाऊन धडकला. रागाने आला होता, पण दाराशी पोचेपर्यंत राग निम्मा झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यात रडूच जास्त होतं. आबा परसात स्टुलावर बसून परातीतल्या साबणाच्या पाण्याने तबकडी धूत होते.

"आबा, चारचौघांत माझी अब्रू काढलीत. बाजूला घेऊन सांगायचं होतं."

"बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर पुढच्या खेपेला तू याहून चांगली खरखर घेऊन आला असतास," आबा म्हणाले. "बस. ही धर. कडेला धर, बोटं आतल्या रेघांवर नकोत. मधला कागद भिजू देऊ नकोस."

तरुणाने तबकडी धरली. आबा मऊ फडक्याने गोल गोल पुसत राहिले.

"तुमच्या कसं लक्षात आलं?" तरुणाने विचारलं.

"तुझ्या त्या टक् टक् ठरावीक वेळाने, जशाच्या तशा परत येत होत्या. तबकडीवर खोल चरा असला तर सुई दर फेरीला त्याच्यावरून जाते. माझी ही तबकडी मिनिटाला तेहतीस वेळा फिरते, तर तेहतीस टक्. आणि सुई पुढे सरकली, चरा मागे पडला, की टक् बंद. तुझ्या ना त्या हिशेबात बसत होत्या, ना बंद पडत होत्या. तुझी धूळ फार शिस्तीची होती रे. नोकरीला लावल्यासारखी." आबा हसले. मग त्यांनी तबकडी उन्हाकडे तिरपी धरली. "हा दिसतो का? हा एका मुंजीतला. बटूच्या मामाचा कोपर लागला आणि सुई फरफटत गेली. मी मामाला इतका बोललो, की तो जेवला नाही. मामा केव्हाच गेला. चरा आहे. साठ वर्षं मी ही खरखर घालवायला धडपडतोय. शेठ म्हणतो त्याला ती आवडते. त्याला त्याचे काका आवडतात. खरखर म्हणजे आमच्या हातून झालेलं नुकसान आहे. पुसून जात नाही, म्हणून आम्ही तिला आपली म्हणतो. तू तीच उचलून आमच्यापुढे ठेवलीस. तुझ्या हातून काय बिघडलं होतं?"

तरुणाने परातीतलं गढूळ पाणी ओतून नवं भरलं.

"हसू नकोस, पण हे मीही केलंय," आबा म्हणाले. "मी या धंद्यात आलो तेव्हा लग्नांत सनईवाले असत. ते मला पंगतीत शेजारी बसू देत नसत. म्हणत, हा काय वाजवतो? हा तर पेटीतला आवाज विकतो. आणि त्यांचंही बरोबर होतं, आमच्यामुळे त्यांची बोलावणी कमी झाली. पण मी वीस वर्षांचा. कार्य संपलं की परक्या गावात एकटाच ओट्याच्या कडेला बसून जेवायचो. मग मी काय केलं असेल? बाजारातून एक मोडकी सनई आणली आणि यंत्राशेजारी मांडून ठेवू लागलो. दोन लग्नसराया ठेवली! वाटायचं, बघतील आणि म्हणतील, हा आपलाच."

"मग?"

"एका म्हाताऱ्या सनईवाल्याने ती उचलून पाहिली. तिला फुंकायची पत्तीच नव्हती, वाजणार कुठून? तो म्हणाला, 'तुझ्या तबकडीत माझ्या गेलेल्या गुरूंचा श्वास आहे. तो सोडून मला हे लाकूड काय दाखवतोस?' मी ती सनई तिथल्या तिथे चुलीत घातली. पंगतीत मला जागा मिळाली नाही ती नाहीच. पण त्यानंतर एकाच मांडवात गाठ पडली, की तो म्हातारा माझ्या कर्ण्यासमोर येऊन उभा राहायचा. डोळे मिटून. ते मला पंगतीपेक्षा पुष्कळ झालं." आबांनी तबकडी टॉवेलवर ठेवली. "आता सांग, तू खरोखर काय करतोस?"

मग तरुण बोलू लागला. लावणीतली ढोलकी, नऊ दिवस, कोणत्या मात्रेवर हात घालायचा, बटणाने गती जुळते पण कुठे जुळवायचं ते बटणाला कसं कळत नाही, सगळं. आबा मध्येच म्हणाले, "माझ्याकडे दोन यंत्रं होती. गाणं संपलं की मांडवात शांतता पडू नये म्हणून दुसरी तबकडी आधीच फिरवून ठेवायचो. फार पळू लागली तर कडेला अंगठा टेकवून तिला आवरायचं. तेच की हे! मग हे का नाही आणलंस?"

तरुण म्हणाला, "भीती वाटली. खरखर नाकारली असती तर खरखर गेली असती. सांधा नाकारला असता तर मीच गेलो असतो."

"बरोबर आहे," आबा हळूच म्हणाले. "म्हणून नाकारलं तरी दुखणार नाही असंच काहीतरी आपण लोकांपुढे ठेवतो. आणि मग त्यांनी ते जवळ केलं, तरी आपण मात्र बाहेरच राहतो. आज शेठचे डोळे भरले तेव्हा तुझा चेहरा मी पाहत होतो. म्हणून उठलो."

पुढच्या रविवारी तरुण दाराशी आला तेव्हा शेठने तोंड फिरवलं. आबा मंडळींना म्हणाले, "गेल्या वेळी गाणं चालू असताना मी मध्येच उठलो. शिरस्ता मी मोडला. तेव्हा याची पाळी अजून झालेली नाही." शिरस्ता म्हटल्यावर विषयच संपला.

तरुणाने यंत्र मांडलं. लावणी सुरू झाली, स्वच्छ, तिच्यावर धुळीचा कणही नव्हता. शेठ खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटच्या पालुपदापाशी तरुणाने श्वास रोखून पेटीवर बोट ठेवलं आणि तेवढ्यात त्याची नजर आबांकडे गेली. आबांचे डोळे मिटलेले होते आणि अंगठा त्याच क्षणी स्वतःच्या गुडघ्यावर टेकला होता, हलकासा दाबून. वीस सेकंद गेले. ढोलकी पुढे चालत राहिली आणि लावणी केव्हा निघून गेली ते कळलंच नाही. गाणं संपलं.

दालनात शांतता. 'छान' म्हणता येत नाही आणि दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही, अशी ती शांतता होती. पाळीप्रमाणे परिचारिकाबाईंनी सुरुवात केली. "बाईंचा आवाज थांबला, तिथे दुसरं गाणं सुरू झालेलं मला ऐकू आलं."

"छे," मागच्या खुर्चीवरून एक जण म्हणाला. "आवाज थांबायच्या आधीच खालून काहीतरी आलं होतं."

"काहीतरी म्हणजे? ढोलकी तर पहिल्यापासून होतीच."

"होती, पण शेवटची ढोलकी लावणीतली नव्हती, ती नव्या गाण्यातली."

"कशावरून? मला तर उलट वाटलं, नव्या गाण्यात लावणीचीच ढोलकी चालू राहिली."

"अहो, काहीतरी बोलू नका," खिडकीपाशी बसलेला शेठ न राहवून गरकन वळला. "मी ढोलकी ओळखतो. बदल झाला तो पालुपदाच्या दुसऱ्या ओळीला. तिथे कुणाचा तरी हात पडलाय." आणि मग तरुणाकडे बघून, जराशा तुसडेपणानेच, "ए, पुन्हा लाव ते. शेवटच्या पालुपदापासून लाव."

तरुणाने गाणं मागे नेलं. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मंडळी खुर्च्या पुढे ओढत होती, एकमेकांना गप्प करत होती, बोटांवर मात्रा मोजत होती. ज्या वीस सेकंदांत तो आजवर एकटाच उभा होता, तिथे आता दहा माणसं भांडत होती.